कापून नेलेलं हसू

आमच्या वरच्या मजल्यावरचा ऑर्विल स्टॅडलर सिनेमे काढायचा. कसले, ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं: पुरुषापुरुषांच्या शृंगाराचे, कपड्यांचा खर्च नसलेले. शूटिंग त्याच्याच खोलीत. माझ्याकडून नेलेले जांभळे पडदे त्यात इतक्यांदा झळकलेत की मला मानधन मिळायला हवं होतं. नाव मात्र खोटं लावायचा, कारण आई तिकडे ओहायोत चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची.

नायक त्याचा ड्यूई. दोघं एकत्र राहायचे, अंडी करपवायचे आणि कुणी करपवली यावरून भांडायचे. मग ऐंशीच्या दशकात तो नवा आजार, एड्स, आला नि ड्यूई गेला. घरच्यांनी देह नेला, फोटो नेले, ऑर्विलला दफनालाही येऊ दिलं नाही.

उरली एका सिनेमाची एकुलती एक प्रिंट. तिच्या शेवटी ड्यूई कॅमेऱ्याकडे, म्हणजे ऑर्विलकडेच बघून हसतो. तेवढ्यासाठी ऑर्विलने थिएटरातून रिळं परत आणली आणि माझ्या भिंतीवर चादर टांगली. ड्यूईने मान वळवली, आणि हसायच्या आत नुसता पांढरा उजेड.

"कापलंय," ऑर्विल म्हणाला. प्रोजेक्टर चालवणारे आवडता तुकडा कापून खिशात घालायचे, रीतच होती ती. "थिएटरातल्या त्या लॉनीचं काम. मुडदाच पाडतो त्याचा!"

"आधी बूट घाल," म्हणत मीही निघाले. तमाशा बघायला, दुसरं काय.

लॉनी हॉस्पिटलात होता, त्याच आजाराच्या वॉर्डात. नुसती काडी. खिडकीच्या काचेवर फिल्मची पट्टी चिकटवलेली. उन्हात इवलाले ड्यूई हसत होते.

"न्यायला आलास ना, थेरड्या? ने," लॉनी म्हणाला. "इथे कुणी फिरकत नाही. ताटसुद्धा दारातच ठेवून जातात. सकाळी हा एवढा हसतो माझ्याकडे."

ऑर्विलने चिकटपट्टीचं टोक नखाने उचललं. मग अंगठ्याने ते परत दाबून बसवलं.

"वाकडी लावलीयस, गाढवा," तो म्हणाला.

लॉनी गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही धावलो. खोली धुऊन झाली होती, काचही लख्ख. कचरा पट्टीसकट भट्टीत गेलेला.

परतताना ऑर्विलने विचारलं, "ड्यूईचं हसू डावीकडून सुरू व्हायचं ना गं?"

"छे, उजवीकडून."

"चोंबडे, मी शूट केलंय ते!"

बसस्टॉपपर्यंत भांडलो. बस आली, तसा तो हळूच म्हणाला, "तुझंच बरोबर असेल."

आयुष्यात माझं एक ऐकलं नव्हतं त्याने.