मॅडम, मारत काहून नाही?

"मॅडम, तुमी लिहूनच काय राहिल्या? त्याले मारत काहून नाही?"

शकीलाबींनी हा प्रश्न पुन्हा विचारला आणि मी पुन्हा पेन खाली ठेवलं. मी त्यांचीच एफआयआर लिहीत होते, म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद. ती झाल्याशिवाय तपास सुरूच होत नाही. पण शकीलाबींच्या लेखी मी टाइमपास करत होते. टीव्हीवर त्या रोज जी इन्स्पेक्टरीण बघतात, ती कधी काही लिहीतच नाही. जीपमधून उतरते, गॉगल काढते, संशयिताच्या कानाखाली जाळ काढते, की तो घडाघडा बोलायला लागतो. मी तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या एका ठाण्यात पीएसआय होते. गॉगल माझ्याकडे नव्हता, आणि जीप ठाणेदार साहेब घेऊन गेले होते.

शकीलाबींच्या पाच बकऱ्या चोरीला गेल्या होत्या. नवरा वारल्यापासून त्या दुधावरच त्यांचं घर चालायचं. त्यातल्या दोन गाभण होत्या. शेजारचा गजू बकऱ्या पिकअपमध्ये चढवताना एका बाईने पाहिला होता, म्हणून आम्ही त्याला आणून बसवलं. पण पिकअप गेली कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी आठवडी बाजार. बकऱ्या एकदा खाटकाच्या हाती गेल्या की विषय संपला.

गजूला मी आतल्या खोलीत घेतलं. पंचविशीतला माणूस, पण प्रत्येक प्रश्नाला फक्त दाराकडे बघायचा. बाहेर बाकावर त्याचे भाऊजी, म्हणजे बहिणीचा नवरा, येऊन बसले होते. काळजीपोटी आलो म्हणे.

"बोल ना रे गजू. बकऱ्या कुठे आहेत?"

तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी मारून नाही राहिल्या?"

"नाही."

"मंग मी सांगू कसा?"

इतक्या वर्षांत मार चुकवणारे पाहिले होते. मागणारा हा पहिलाच.

"असाच सांगतलं तं मी फुटलो असं होईन," तो कुजबुजला. "भाऊजी माह्या बहिणीले माहेरी आणून टाकीन. मार खाऊन सांगतलं तं कोणी काही म्हणत नाही. टीव्हीत मोठमोठे डॉन बी त्या मॅडमच्या दोन थापडीत बोलते."

आता कुठे मला भाऊजींची काळजी कळली. मी गजूला समजावलं, की वर कॅमेरा आहे, मारता येत नाही. आणि पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात कवडीची किंमत नसते. तू सांगशील तिथून, पंचांसमोर माल निघाला, तर तेवढं मात्र चालतं. त्याला आम्ही रिकव्हरी म्हणतो. गजूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग आवाज तरी काढा," तो म्हणाला.

टेबलाला मारू नये, असं कुठल्या कायद्यात वाचल्याचं मला आठवेना. मारावं, असंही आठवेना. बाजाराला एक रात्र उरली होती. मी टेबलावर सणसणीत हात मारला.

"आई वोऽऽ! मेलो!"

गजू असा केकाटला की मीच दचकले. दुसरा हात मारला. तो आणखी मोठ्याने ओरडला, मग खाली वाकून पुटपुटला, "भाऊजीच्या शेतात, मांगच्या कोठ्यात." त्यानंतरची एक किंकाळी त्याने टेबल न वाजताच मारली.

तेवढ्यात दार उघडून शकीलाबी आत घुसल्या. गजूसमोर दोन्ही हात पसरून उभ्या.

"नोका मारू वो त्याले! माह्या डोयासमोर मोठं झालेलं लेकरू हाय. नाही पायजे मले बकऱ्या!"

सकाळपासून मारा म्हणून माझ्या मागे लागलेली हीच बाई. गजूने तोंड ओंजळीत लपवलं. तो रडत होता की नाटक करत होता, मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही पंच घेऊन गेलो. त्या मागच्या गोठ्यात पाचही बकऱ्या मिळाल्या, गाभण दोन्ही सुखरूप. भाऊजीही आत गेले. ठाणेदार साहेबांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर टेबल ठोकताय. मग हा कशाला बोंबलतोय?"

"साहेब, रिकव्हरी झाली," मी म्हटलं. त्यांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा पाहिलं आणि चहा मागवला. आमचे हवालदार मात्र खूश. आज कुठे खरी मॅडम वाटल्या, म्हणाले. मला राग आला, पण रागवायचं कुणावर तेच समजेना.

संध्याकाळी शकीलाबी बकऱ्या न्यायला आल्या. दोर देताना त्यांना माझा तळवा दिसला. लालबुंद झाला होता, सुजलाही होता.

"या अल्लाह! किती मारलं वो मॅडम त्याले?"

"अहो, एकही नाही. मी तर…"

लॉकअपमध्ये गजूच्या शेजारीच भाऊजी कान टवकारून बसले होते. गजूने गजांमागून माझ्याकडे पाहून हात जोडले. मी वाक्य तसंच सोडून दोर शकीलाबींच्या हातात दिला.

शकीलाबी दोर हातात घेऊन गजांपाशी गेल्या. "लय लागलं का रे बाप्पा?"

"नाही चाची," गजू खरं तेच बोलला. "मले काहीच नाही लागलं."

त्यावर शकीलाबी पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. मग बकऱ्या घेऊन माझ्यासमोरून निघून गेल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

या प्रकरणातून मी धडा घेतला तो एवढाच: काही खरं सांगायचं असेल, तर ते टेबल वाजवण्याआधी सांगून घ्यावं.