वन्संचा धीर

माझ्या मोठ्या नणंदेइतकी उतावळी बाई साताऱ्यापासून लखनौपर्यंत दुसरी झाली नसेल. कुकरची तिसरी शिट्टी त्यांनी आयुष्यात ऐकलेली नव्हती. लखनौच्या अमीनाबाद बाजारात सायकलरिक्षा हळू चालते म्हणून मधेच उतरायच्या, रिक्षावाल्याच्या पुढे तरातरा चालायच्या आणि वर त्यालाच ‘भैया, जल्दी आओ’ म्हणायच्या. समोरच्याचं वाक्य त्याच पुरं करायच्या, तेही चुकीचं. त्यांचे यजमान एअर फोर्समध्ये, लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर. घरापेक्षा विमानांचा आवाज बरा, असं ते मला हळूच सांगत.

अशा या वन्सं एकदा लखनवी चिकनचा कुर्ता वेळेत मिळाला नाही म्हणून भरतकाम करणाऱ्या बाईंशी भांडायला गेल्या, आणि त्या बाईंच्याच शेजारी चटईवर बसून टाका शिकूनच उठल्या. त्याला सहा वर्षं झाली. आता तेच त्यांचं काम. नक्षी स्वतः काढतात, एकेका पानावर अख्खी सकाळ घालवतात. मी नुसती तोंडात बोट घालून बघत राहते. घरात डाळही शिजू लागली. यजमानांचं वाक्य संपेपर्यंत त्या पहिल्यांदा थांबल्या, तेव्हा ते बिचारे पुढचं बोलायचंच विसरले.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण स्वतःच्या नक्षीची साडी भरली. अमीनाबादच्या एका दुकानदाराला ती पसंत पडली, तर वर्षभराचं काम मिळणार होतं. द्यायच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले. चिकनमधली जाळी सुईने धागे बाजूला सारून करतात, कापून नव्हे, हे मला कुठलं ठाऊक! वन्सं चहा टाकायला आत गेल्या, आणि एके ठिकाणी जाळी करायची राहिलीय असं वाटून मी शहाणीने कात्री चालवली. पदराला बोराएवढं भोक पडलं. मेले आता, म्हटलं.

वन्सं आल्या. बराच वेळ भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग दुकानदाराला फोन लावला.

“हाँ भाईसाहब, जाली मेरे ही हाथ से कट गई. पंद्रह दिन और दीजिए.”

फोन ठेवून मला म्हणाल्या, “पहिल्या वर्षी मीही कापायचे. ये, बस इथे. धागा कसा सारायचा ते दाखवते.”

दुकानदार काही थांबला नाही, काम दुसरीकडे गेलं. पुढे चार दिवस वन्सं धड जेवल्या नाहीत, हे मला त्यांच्या यजमानांकडून कळलं. घरात सगळे अजून वन्संनाच म्हणतात, शेवटी हिच्या घाईनेच घात केला. माझ्या जिवाला ते फार लागतं. खरं सांगायला मी तोंड उघडलं की वन्सं माझ्याकडे बघून डोळे वटारतात, आणि ताटात आणखी एक पोळी वाढतात.