न दिलेली कूक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. खरं तर डॉक्टरांनी बंद केलेली जिलेबी मी बाहेर खाऊन आलो तर ती तिला दारातच माझ्या तोंडावरून कळते. मग हे आठ वर्षं तिला कसं नाही कळलं? की माणूस जिलेबी लपवताना कच्चा असतो आणि असल्या गोष्टी लपवताना आपोआप पक्का होतो?

मी आमच्या घरातला बोलका माणूस. हळदीच्या मांडवात पाहुणे जमले की कुणीतरी हमखास म्हणतं, “अण्णा, ती परदेशातल्या शिकारीची गोष्ट सांग ना.” मग मी सांगतो. घोड्यावर कसा बसलो आणि घोडा मला न विचारता कसा ओढ्यात उतरला, घोडीचं आंबट दूध पिऊन माझं तोंड कसं झालं. लोक पोट धरून हसतात. गोष्ट मी तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत आणतो आणि तिथे थांबतो. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, असं सगळ्यांना वाटतं.

आधी कूक म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

शहाडजवळ नदीकाठी आमचं गाव. आता शेतांवर टॉवर उभे आहेत, पण आबा — माझे वडील — तरुण होते तेव्हा टिटवाळ्यापलीकडच्या डोंगरांत रानडुकराच्या शिकारीला जायचे. पुढे कायद्यानं बंदी आली. आबांनी बंदूक चौकीत जमा केली, डोंगर मात्र सोडला नाही. उन्हाळ्यात ते दादाला आणि मला करवंदं काढायला न्यायचे. रानात कुणाला नावानं हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम. नाव घेतलं की ते भलतंच कुणी ऐकतं आणि त्याच नावानं हाक मारून माणसाला भुलवून नेतं, असं आमचे जुने लोक मानत. म्हणून कूक घालायची, तोंडाशी हात धरून नुसता ‘कूऽ’ असा आवाज. दादासाठी एक लांब कूक, माझ्यासाठी दोन आखूड. ज्याची कूक त्यानं तशीच उलट द्यायची. आणि उलट कूक येईपर्यंत घालणाऱ्यानं जागा सोडायची नाही, कारण आपलं माणूस चुकलं असेल तर ते आवाजाच्या मागानं त्याच जागी येणार.

“कूक येत नाय तवर हलायचा नाय,” आबा म्हणायचे. “मंग रात झाली तरी चालंल.”

आम्हाला तो खेळ वाटायचा. आबांना तो कधीच खेळ वाटला नाही.

दादाची मुलगी सायली किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकत होती. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना आबांनी तिच्या मागचे डोंगर पाहिले. तिथे परवाना काढून डोंगरी बोकडाची शिकार करता येते हे त्यांना कळलं आणि मग घरात दुसरा विषयच उरला नाही. सत्तरी गाठलेला माणूस, शुगर असलेला, पण लहान पोरासारखा मागे लागला. गौरी-गणपती आटोपले आणि आम्ही निघालो. आबा, दादा आणि मी. सायली दुभाषी म्हणून तिथून येणार होती.

मला जायचं नव्हतं. मला उंचीची भीती वाटते — साध्या पुलावरून जातानाही मी मधूनच चालतो, कठड्याशी जात नाही. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसानं हे सांगायचं कसं? आणि आबांसमोर? मी विनोद करत राहिलो. जितकी भीती जास्त, तितके विनोद जास्त. ही माझी जुनी खोड आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा वाटाड्या बाकित यानं जागा ठरवल्या. डोंगराच्या एका धारेवर खडकाच्या आडोशाला आबा, बंदूक घेऊन. त्यांच्या शंभर पावलं खाली, वळणापलीकडे मी. बाकित आणि दादा वरून वळसा घेऊन बोकड आमच्याकडे हुसकावणार होते. तंबू आणि घोडे खाली ओढ्याकाठी, तिथे सायली. निघताना दादानं मला बाजूला घेतलं.

“धुकं आलं तर आमची वाट बघू नको. आबांना घे आणि सरळ खाली ये. त्यांना एकटं सोडू नको, काय?”

“अरे, मी काय लहान आहे का?” मी म्हणालो.

मला एवढंच काम होतं. बंदूक चालवायची नव्हती, बोकड शोधायचा नव्हता. म्हाताऱ्या बापाला सोबत करायची होती.

धुकं आलं. इथल्यासारखं नाही, की बाजूची इमारत थोडी पुसट दिसते. पांढरं काहीतरी दरीतून वर चढलं आणि माझे स्वतःचे बूट दिसेनासे झाले. पावलापुढे दरी आहे हे मला माहीत होतं, आणि आता ती दिसत नव्हती. उठायचं, शंभर पावलं वर जायचं, आबांचा हात धरायचा — मनात हे स्पष्ट होतं. मी उठलो नाही. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि कुणाचा तरी जड श्वास. अस्वल? लांडगा? धुक्यातून ते पुढे आलं तेव्हा माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

बोकड होता तो. मागे वळलेली लांब शिंगं, दाढी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वळून निघून गेला.

आणि मी पळालो. बोकड गेल्यावर पळालो, हे लक्षात घ्या. समोर काहीच उरलं नव्हतं. मी ढुंगणावर घसरत, हातानं दगड चाचपत, तोंडानं काय काय पुटपुटत खाली निघालो. वर नाही. खाली.

थोडा उतरलो असेन, तेवढ्यात वरून कूक आली. दोन आखूड.

आबांनीही दगडांचा आवाज ऐकला असणार. पोरगं ठीक आहे ना, एवढंच ते विचारत होते. मी थांबलो. तोंडाशी हातसुद्धा नेले. आणि मग डोक्यात आलं, की उलट कूक दिली तर ती खालून जाईल. आबांचे कान तयार होते, आवाज कुठून आला हे त्यांना लगेच कळलं असतं. पोरगं जागा सोडून पळालं, बापाला टाकून पळालं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असतं. मी हात खाली घेतले.

पुन्हा कूक आली. दोन आखूड. थोडी मोठ्यानं.

मी चालू लागलो.

आबांनी बंदुकीचा बार का नाही काढला, असं पुढे खूप जणांनी विचारलं. मला तेव्हाही ठाऊक होतं. धुक्यात आपली माणसं कुठे आहेत हे माहीत नसताना शिकारी बार काढत नाही. वर दादा होता. खाली मी आहे, असं त्यांना वाटत होतं.

तंबूत पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. सायलीनं चहा दिला. “आबा कुठेत, काका?” मी म्हणालो, येतायत मागून. तासाभरानं तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, तुझ्या बाबांबरोबर असतील. बाहेर भुरभुर बर्फ पडायला लागलं होतं. मी दोन ब्लँकेटं पांघरून बसलो, आणखी एक चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. त्या चार तासांबद्दल मी काय सांगू? एक वाक्य बोललो असतो तर सायली घोडा घेऊन गेली असती, ती भिणारी मुलगी नव्हे. दर पाच मिनिटांनी मला वाटायचं, आता बोलावं. आणि दर पाच मिनिटांनी ते बोलणं जास्त अवघड होत गेलं, कारण आता आधीच्या पाच मिनिटांचाही जाब द्यावा लागला असता.

चारच्या सुमाराला दादा आणि बाकित आले. धुक्यामुळे ते पलीकडच्या वाटेनं उतरले होते. दादानं तंबूत डोकं घातलं, मला पाहिलं, हसला. मग आत नजर फिरवून म्हणाला, “आबा?”

आणि माझ्या तोंडून निघालं, “तू शिट्टी मारलीस ना? खाली या म्हणून?”

कुठून आली ही शिट्टी? मी चार तास असं काही ठरवत बसलो नव्हतो, खरंच. ती तोंडातून निघाली आणि लगेच तिला हातपाय फुटले. दादाची शिट्टी ऐकली म्हणून मी निघालो. आबांनीही ऐकली असणार, ते मागून येतायत असं वाटलं. ते दिसले नाहीत तेव्हा वाटलं, दादाच त्यांना घेऊन येईल. सगळं कसं चपखल बसलं.

बाकित घोडा घेऊन वर गेला. अंधार पडता पडता तो आबांना घेऊन आला. ते त्याच खडकाशी, त्याच जागी बसलेले त्याला सापडले. बूट भिजून गोठलेले. सात तास ते हलले नव्हते.

पाय कोमट पाण्यात ठेवून आबा पडले होते आणि दादा शपथा घेत होता. मी शिट्टी मारलीच नाही, आबा. मी कशाला मारू? बाकितला विचारा. बाकित सायलीशी काहीतरी बोलला. ती माझ्याकडे वळली, तिचा चेहरा उजळला होता.

“काका, ते म्हणतात, इथे घुशीसारखा एक प्राणी असतो. धोका दिसला की अगदी माणसासारखी शिट्टी मारतो. तेच ऐकलं असणार तुम्ही! नवीन माणसं फसतात म्हणे.”

दार उघडं होतं, बघा. माझं खोटं शाबूत राहिलं असतं आणि दादाही सुटला असता. फक्त मला मान हलवायची होती. आणि मी काय केलं? मला पुढचं दिसलं — गावात, हळदीच्या मांडवात, अण्णानं घुशीची शिट्टी ऐकली आणि भाऊ समजून पळाला! लोक हसतील. मी लोकांना हसवतो. लोक मला हसलेले मला चालत नाहीत.

“मला काय माझ्या भावाची शिट्टी कळत नाही?” मी म्हणालो.

सायली हळूच म्हणाली, “काका, नक्की ना?”

“नक्की.”

दादानं सायलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिची शपथ घेतली. आबा पडल्या जागेवरून म्हणाले, “पोरीची खोटी शपथ खातंस? ज्याच्या ध्यानात बाप राहिला नाय, तो कसला थोरला?” मग त्यांनी मला विचारलं, “मी कूक घातली रं. दोनदा घातली. ऐकली नाय?”

“नाही ऐकू आली, आबा,” मी म्हणालो.

परत आल्यावर कल्याणात त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. शुगर होतीच, जखम पुरती कधी भरलीच नाही. पुढच्या गणपतीला, मूर्ती आणताना थोरल्यानं पाट धरायचा ही आमच्या घरची रीत असूनही, आबांनी पाट माझ्या हातात दिला. दादा मागून झांजा वाजवत चालला. त्या वर्षी दिवाळीनंतर तो बायकोला घेऊन ठाण्याला वर्तकनगरात राहायला गेला. दर रविवारी मात्र यायचा. आबांच्या पायाची जखम धुवायचा, नखं काढायचा, पट्टी बांधायचा. ते काम माझ्यानं व्हायचं नाही, त्या पायाकडे मला बघवायचंच नाही. दादा पट्टी बांधत असायचा आणि आबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. सात वर्षांत ते त्याच्याशी सरळ बोलले नाहीत.

मी भीत राहिलो. सायली डॉक्टर होऊन परत आली तेव्हा भ्यालो. ती आबांचं औषध तपासायला घरी यायची आणि मी कारण काढून बाहेर जायचो. दादा कधी “अण्णा, एक विचारू?” म्हणाला की मी हातातलं काम खाली ठेवायचो, आणि तो विचारायचा नळदुरुस्तीवाल्याचा नंबर. आबांनी शुद्धीवर असताना खरं ऐकलं तर काय, या भीतीनं मी जगलो. पाट हातात धरून मोरया म्हणतानाही मी भीत होतो.

गेल्या वर्षी आबा शेवटच्या आजारात घरीच होते. शुद्ध येऊन-जाऊन असायची. रविवारची दुपार होती. दादा पट्टी बांधून झाल्यावर स्वयंपाकघरात हात धूत होता. मी पलंगाशी खुर्चीवर बसलो होतो, आबांचा हात माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून दोन्ही हात कसेबसे तोंडाशी नेले आणि कूक घातली. क्षीण, पण ओळखता येईल अशी. दोन आखूड.

माझी होती. मी तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा घातली.

दारातून उलट कूक आली. दोन आखूड. ओले हात तोंडाशी धरून दादा उभा होता.

आबांचा चेहरा सैल झाला. “आला,” ते म्हणाले. “आला रं पोरगा. चला आता खाली.” आणि त्यांनी हात छातीवर ठेवले. त्यानंतर ते बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले.

टॉवेलला हात पुसत पुसत दादानं मला विचारलं, “तुझी कूक होती रे. ऐकू नाही आली?”

“नाही,” मी म्हणालो.