पिल्लाआधी पुराची सोय

कुत्रं पाळायचं ठरलं की लोक आधी त्याचं नाव शोधतात. अंजनाबाईंनी आधी उंच जागा शोधायला घेतली.

त्यांचं घर पंचगंगेच्या अंगाला, खालच्या गल्लीत. नवरा गेला, मुलगी सोनम लग्न होऊन सांगलीला गेली, आणि घरात आवाज उरला तो बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेल्या शिलाई मशीनचा. अंजनाबाई दिवसभर परकर शिवायच्या आणि बोलायला दुसरं कुणी नाही म्हणून मशीनलाच शिव्या द्यायच्या. एप्रिलात शाहूवाडीहून भाचीचा, अक्षताचा फोन आला.

"मावशी, आमच्या कुत्रीला पिल्लं झाल्यात. एक तांबूस हाय, तुझ्यासाठी ठेवलंय. पाठवू का?"

"थांब. आधी त्याची सोय लावतो, मग पाठव."

"दूध-भाकरी खातंय की गं. सोय कसली?"

"पुराची."

अक्षता हसत सुटली. बाहेर डांबर पाघळत होतं आणि मावशीला पूर दिसत होता! पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. २०२१ च्या पुरात बोटीनं गल्लीतली माणसं उचलली, आणि शेजारचं काळं कुत्रं पत्र्यावर राहिलं. आधी ते भुंकत होतं, नंतर रडायला लागलं. ते रडणं अंजनाबाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. जागा ठरल्याशिवाय पिल्लू उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, या हट्टाला त्या पेटल्या. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच.

पहिल्यांदा त्या भावाकडे गेल्या. भाऊसोचा फ्लॅट चढावर, दुसऱ्या मजल्यावर. दर पुरात बहिणीची गादी तिथं ठरलेली. भाऊसोनं चहा दिला, खारी दिली, आणि विषय निघताच हातातला कप खाली ठेवला.

"आक्का, तू कवाबी ये. तुझंच घर हाय. पर कुत्रं न्हाय. सोसायटीबी न्हाय म्हणती आणि मीबी न्हाय म्हणतो."

"दोन-चार दिवसांचाच प्रश्न हाय रं."

"मग तेवढं दोन-चार दिवस सोडून दे की त्याला. कुत्र्याची जात, जगतंय कसंबी."

अंजनाबाईंना फार वाईट वाटलं. पण उरलेला चहा त्यांनी बशीत ओतला, संपवला आणि मगच त्या उठल्या. चहावर राग कशाला काढायचा!

दुसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आकाराम गवळ्याकडे गेल्या. नदी फुगायला लागली की बाकीची माणसं पाणी दाराशी यायची वाट बघत बसतात. आकाराम त्याच्या कितीतरी आधी म्हशी सोडतो आणि मेव्हण्याच्या माळावरच्या गोठ्यात नेऊन बांधतो. लोक त्याला भित्रा म्हणतात. त्याची एकही म्हैस आजवर वाहून गेलेली नाही.

आकाराम धार काढत बसला होता. मान वर न करताच त्यानं सगळं ऐकलं.

"कुत्र्याला जागा हाय. पर म्हशी सुटल्या की मी कुणासाठी थांबत न्हाय, अंजनाबाई. आणि तिथं जागा नवी, जनावरं नवी. तुमी न्हाय दिसला की ते दावं तोडून खाली गल्लीकडंच पळंल. मग मला बोल लावायचा न्हाय."

तो म्हणत होता ते खरंच होतं. भाऊसोकडची कोरडी खोली, गरम पाणी, मऊ गादी, सगळं अंजनाबाईंना आठवून गेलं.

"गोठ्यात एक खाट मावंल का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

आकारामचा हात थांबला. "अवो, शेणामुताचा वास, डास. भावाचा एवढा फ्लॅट असताना गोठ्यात ऱ्हाणार? लोक भाऊसोला नावं ठेवत्याल."

"ठेवू देत. खाट मावंल का, तेवढं सांगा की."

"मावंल."

अंजनाबाईंनी तिथंच उभ्या उभ्या शाहूवाडीला फोन लावला.

"अक्षता, पाठव पिल्लू. आमची सोय झाली."