छंदाची ओळ

बमरोली रोडला, यंत्रमागांच्या वस्तीत, माझं टायपिंगचं दुकान होतं. एक खोली, दोन मशीन. पंच्याण्णवच्या सुमारास हजीऱ्याच्या कारखान्यांत भरती निघाली की लूमवरची पोरं बायोडाटा करून घ्यायला यायची. नाव, गाव, शिक्षण विचारायचो. शेवटची छंदाची ओळ मात्र कुणालाच विचारायचो नाही. वाचन, क्रिकेट. सब घोडे बारा टक्के.

भटू राहायला नवागामात, मूळचा आमच्याच शिरपूरकडचा. आयटीआय फिटर पास होऊन चार वर्षं लूमवर उभा होता. श्रावणात कानबाई देवी बसली की डफ त्याच्याच हातात, आणि त्याच्या गाण्याला अख्खी चाळ गोळा व्हायची. छंद स्वतःहून सांगणारा तो एकटाच. "ललितभाऊ, लिखा ना, मी डफ वाजाडस, कानबाईना गाना म्हनस."

"अरे, साहेबापुढे जायचंय तुला, जत्रेत नाही," मी म्हणालो. खरं सांगतो, लाज मलाच वाटली. त्याच्या डफाची आणि आमच्या बोलीचीही. मी नेहमीचं ठोकून दिलं.

चार दिवसांनी तो दुकानात आला आणि त्याने मुलाखतीचं सगळं सांगितलं. फिटरच्या कामाची उत्तरं त्याने धडाधड दिली होती, साहेब खूश होता. मग कागद बघत साहेबाने सहज विचारलं, "आखिरी किताब कौन-सी पढ़ी?" भटूने मान खाली घातली. "क्रिकेट कहाँ खेलते हो?" "ये झूठ है, तो सर्टिफिकेट का क्या भरोसा?" म्हणत साहेबाने कागद परत केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणा मी आणि रिकामा परतला भटू.

मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्याने घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मनीच चूक व्हयनी, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही इतलं चांगलं लिखं, माले सांगता उनं नही. एखादं पुस्तक द्या ना. पुढला टाइमले सांगता ई."

मी कपाट उघडलं. आत टायपिंगच्या गाईडशिवाय एकही पुस्तक नव्हतं. मी तेच काढून दिलं. चूक माझी होती, एवढंही मला म्हणता आलं नाही, आणि भटूने ते दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.