तुलनेचा तारा

तुलना कल्याणीच्या पाचवीलाच पुजलेली होती. शेजारचा विश्वजीत दहावीत तिच्यापुढे, मग हडपसरला आयटीत, मग गाडी, मग फ्लॅट. ही मात्र वाघोलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत पीएचडी करत बसलेली. पोस्टातून निवृत्त झालेले तिचे वडील, भीमराव, पेपरची घडी घालत विचारायचे, "तुझ्या ताऱ्यांचं काय झालं? विश्वजीत अमेरिकेला निघाला."

तिचे तारे मोठे मजेशीर. दोघं इतके खेटून फिरणारे की अंगाला अंग लागलेलं. आळीपाळीने एकमेकांना झाकायचे, त्यामुळे उजेड कमी-जास्त व्हायचा. त्या उजेडाचा आलेख नीट जुळला की दोघांचे आकार, वजनं, सगळं कळतं. हे काम तिला मनापासून आवडायचं. पण आलेखावर एका रात्रीच्या मोजमापाचे ठिपके दुसऱ्या रात्रीच्या ठिपक्यांवर बसतील तर शपथ!

"ताऱ्यावर काळा डाग आहे असं धरा, जुळेल," मार्गदर्शक सर म्हणाले. बाळाला तीट लावावी तसा तिने डाग लावला. जुळलं, पण दर रात्रीला नवी तीट लागायला लागली. शेवटी सरांनी बजावलं, या महिन्यात जमलं नाही तर विषय बदला. तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

रविवारी जेवताना भीमरावांनी पुन्हा विश्वजीतचं नाव काढलं, आणि ती भडकली.

"बाबा, दर वेळी मापाला त्यालाच का धरता? त्याचं तरी सगळं नीट चाललंय का, हे कधी तपासलंत?"

बोलली, आणि घास हातातच राहिला.

आपल्या जोडीचा उजेड ती शेजारच्या एका ताऱ्याशी ताडून मोजत होती. त्याचा उजेड स्थिर असल्याची खात्री पहिल्या रात्री एकदा केली होती. पुढे नुसता विश्वास. खरकट्या हातानेच ती कॉम्प्युटरकडे धावली. त्याला आणखी एका ताऱ्याशी ताडलं, तर शेजारीबुवा आठवड्यागणिक मंदावत चाललेले! तिने मापाला हा नवा तारा धरला. सगळ्या रात्रींचे ठिपके गुपचूप एका रेषेवर येऊन बसले, तीट न लावता.

भीमराव मागे येऊन उभे होते. "म्हणजे तुझ्या ताऱ्यांत खोट नव्हतीच?"

"कधीच नव्हती, बाबा."

संध्याकाळी भीमरावांना जिन्यात विश्वजीतचे वडील भेटले. "आमचा विश्वजीत म्हणत होता..." त्यांनी सुरुवात केली.

"म्हणत असेल," भीमराव म्हणाले. "आमच्या कल्याणीचं काम जमलं."

वर दारात उभ्या असलेल्या कल्याणीला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.