डावखुऱ्या फिडलवाल्याचे चाळीस सेकंद

शेजारच्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी लांबचं ड्राइव्हिंग बंद केलं, म्हणून मी त्यांचा ड्रायव्हर झालो. काका म्हणजे पक्के अमेरिकन, रिटायर्ड शाळामास्तर. आम्ही हर्नडनला राहायला आलो तेव्हा मुलीला त्यांना काका म्हणायला शिकवलं आणि मग ते आमच्या घरात सगळ्यांचेच काका झाले.

महिन्यातल्या एका शनिवारी ते इंटरस्टेट हायवेवरच्या एका ट्रक स्टॉपवर जायचे. तिथे मागच्या बाजूला एका जुन्या ट्रेलरचं चॅपल, म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर, केलंय. आत चार बाकं आणि कॉफीचं मशीन. घरापासून कित्येक आठवडे लांब असलेले ट्रकवाले येऊन बसतात, काका त्यांचं ऐकून घेतात, कोणी म्हटलं तर प्रार्थना करतात. तिथून दुपारी ते आपला बँजो घेऊन पुढे डोंगरातल्या एका गावी वाजवायला जातात. मी नागपूरचा, आमच्या घरी बुद्धवंदना. काकांनी मला प्रार्थनेचा कधी आग्रह केला नाही. मी आपली कॉफी ओतायचो, फोन बघायचो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन खेपा मी कंटाळूनच काढल्या.

तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबरात, एक ट्रकवाला कॉफी घेता घेता माझ्यापाशी थांबला. साठीचा असेल. आम्ही पुढे ज्या गावी निघालो होतो तेच त्याचं गाव. म्हणाला, तिथे माझा मोठा भाऊ फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवतो, डावखुरा आहे, लगेच ओळखशील. दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. भांडण कशावरून ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वडिलांनी शिकवलेली एक धून होती. भाऊ ती फिडलवर वाजवायचा, हा बँजोवर. तिसऱ्या कुणाला ती येत नव्हती. भावाची तब्येत बरी नाही असं त्याच्या कानावर आलं होतं.

"तो शेवटी तीच वाजवतो," तो म्हणाला. "तेवढी एक पूर्ण रेकॉर्ड करून आणशील? काकांचे हात बँजोवर असणार, म्हणून तुला सांगतोय."

"नक्की," मी म्हणालो. "एकदम नक्की."

आपलं 'नक्की' कसं असतं, आपल्यालाच माहीत. जेवायला या म्हटलं की नक्की, फोन करा म्हटलं की नक्की. पुढच्याने तेवढ्यावर विसंबून बसायचं नसतं. तो मात्र बसला. त्याने माझा नंबर वहीत लिहून घेतला, आपला मला दिला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

त्या गावात एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमतात. स्टेज नाही, माइक नाही. खुर्च्यांचं कडं करून बसायचं आणि एकच धून दहा-दहा मिनिटं फिरवत राहायची. ज्याने सुरू केली त्याने पाय उचलला की थांबायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळं एकसारखंच वाटत होतं. सकाळपासून पोटात एक सँडविच, त्यात बसायला लाकडी खुर्ची. शेवटी डावखुऱ्या म्हाताऱ्याने एक धून सुरू केली, बाकीच्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली, तेव्हा मला आठवलं की हेच ते. मी फोन काढला. काढला तर कॉलेजच्या ग्रुपवर मित्रांची मस्करी चालू होती, कुठे आहेस रे म्हणून. म्हटलं, बघा कुठे आहे ते. कॅमेरा स्वतःकडे वळवला, मागे म्हातारा, आणि चाळीस सेकंद बडबडलो. व्हिडिओ ग्रुपवर टाकला, त्यावर हसणारे चेहरे यायला लागले, ते बघत बसलो. मान वर केली तेव्हा म्हाताऱ्याचा पाय उचललेला होता.

येताना काकांनी विचारलं, रेकॉर्ड झालं ना? मी हो म्हणालो. पुढच्या वेळी करू, म्हातारा कुठे पळून जातोय, असं मनात म्हटलं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी, काका कचऱ्याचा डबा आत घेता घेता म्हणाले, तो डावखुरा गेला. भाऊ दफनाला पोचू शकला नाही, त्याचा ट्रक तेव्हा पार लांब वायोमिंगमध्ये होता. तो तुझ्या रेकॉर्डिंगची वाट बघतोय, अजून पाठवलं नाहीस का?

घरात येऊन मी तो व्हिडिओ उघडला. निम्म्या फ्रेममध्ये माझं थोबाड, त्यामागे एक कोपर आणि गजाचं टोक. आणि फिडलच्या वरताण माझा आवाज, मराठीत: "बघा रे, सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यात हा डावखुरा म्हातारा, ह्याचं संपतच नाही यार. कोणीतरी थांबवा ह्याला, भूक लागली."

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, म्हटलं आवाज काढून टाकू. दोन रात्री खटपट केली. माझा आवाज गेला की त्याच्याबरोबर फिडलही जायचं. काकांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी आहे तसाच व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, एवढंच आहे, मध्ये मी बोललोय, माफ करा.

त्याचा लगेच फोन आला. त्याने हळूच विचारलं, "तू काय म्हणतोयस त्यात?"

दर रविवारी मी पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी म्हणालो, "मित्रांना सांगत होतो, की असं वाजवणं मी कधी ऐकलं नाही. हे संपूच नये असं वाटतंय."

तो रडला. मला म्हणाला, देव तुझं भलं करो. मी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

त्यानंतर तीन खेपा मी ऑफिसचं काम काढून कॅन्सल केल्या. मार्चमध्ये काकांनी ऐकलं नाही. चॅपलमध्ये शिरलो तर तो समोरच्याच बाकावर. उठून त्याने मला मिठी मारली, मग तिथल्या पाच-सहा ट्रकवाल्यांना बसायला सांगून फोनवर व्हिडिओ लावला. माझ्या भावाच्या शेवटच्या वाजवण्यावर ह्या भल्या माणसाने आपल्या भाषेत काय म्हटलंय ते ऐका, असं सांगून माझं खोटं त्याने शब्दन् शब्द सांगितलं. काका माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

"एकदा पुन्हा म्हण ना," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

निदान आता तरी खरं चांगलं काही बोलावं म्हणून मी मराठीत म्हणालो, "तुमचा भाऊ फार सुंदर वाजवायचा. मला माफ करा."

त्याने मान हलवली. "हे ते नाही. मी रोज ऐकतो. मला पाठ आहे." आणि भावाच्या धुनेसारखी, वरखाली सुरांसकट, त्याने माझी वाक्यं गुणगुणून दाखवली. शब्द मोडके होते, पण चाल अगदी माझी.

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याचा चेहरा बघून नाही जमलं. मग मी तीच वाक्यं म्हटली, जशी तेव्हा म्हटली होती तशीच, हसऱ्या तोंडाने, शेवटच्या भुकेपर्यंत.

त्याने डोळे मिटून ऐकलं. "हो," तो म्हणाला, "हेच."

मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच आमेन म्हटलं.